वांगी-मिरची हिरवीगार असतानाच मान टाकते: औषध विचारायच्या आधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरामागच्या परड्यात विहिरीच्या बाजूला पाच गुंठे वांगी, मिरची आणि थोडे टोमॅटो, भात कापून झाल्यावर लावलेले. झाडं कमरेपर्यंत आली, फुलं-फळं लागली आणि आता एकेक झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी परत उभं राहतं, दुसऱ्या दिवशी राहत नाही आणि तिसऱ्या दिवशी संपतं. पानं पिवळी नाहीत, अळी दिसत नाही. दुकानदाराने बुरशी म्हणून दोन वेगवेगळी औषधं दिली, तीन वेळा आळवणी केली (म्हणजे औषधाचं पाणी बुंध्याशी ओतलं), तरी रोज चार-पाच झाडं जातायत. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "आता कुठलं औषध ओतू?"

तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. मुंबई सोडून गावी आल्यापासून चार वर्षं तुम्ही ह्याच परड्यात वांगी-मिरची-टोमॅटोच करताय, कारण विहीर तिथे आहे. माझ्या मते सगळं तिथेच आहे. पण आधी रोग कुठला ते नक्की करू, कारण फोटोवरून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि कोणी सांगत असेल तर त्याच्यावर पण विश्वास ठेवू नका.

मी राजापूर तालुक्यात भाजी करतो, बावीस वर्षं झाली. झाड मान टाकण्याची आपल्याकडे चार-पाच कारणं असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं, काहींना औषधच नाही. म्हणून पहिलं काम हे करा. उद्या सकाळी एक झाड निवडा जे कालच मान टाकलेलं आहे, अजून हिरवं आहे. पूर्ण वाळलेलं घेऊ नका, त्यात काही दिसत नाही. ते मुळासकट उपटा, जमिनीलगतचा खोडाचा वीतभर तुकडा धारदार ब्लेडने कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात तो तुकडा असा अडकवा की कापलेलं खालचं टोक पाण्यात बुडेल पण तळाला टेकणार नाही. कपडे वाळत घालायचा चिमटा ग्लासच्या काठाला लावला की काम होतं. ग्लास हलवू नका. उजेडाकडे धरून, मागे काहीतरी काळं ठेवून पाच-दहा मिनिटं बघत बसा. कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे सरळ खाली उतरताना दिसले तर तो जिवाणूजन्य मर रोग. थोड्या वेळाने सगळं पाणीच गढूळ होतं. सोबत एका चांगल्या झाडाची फांदी दुसऱ्या ग्लासात ठेवा म्हणजे फरक कळेल.

धागे आले नाहीत तर मग मूळ आणि बुंधा नीट बघायचा. बुंध्याला मातीलगत पांढरी कापसासारखी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती खोडकूज, तिला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतातून दिली आणि बुंध्याजवळचा ओला पालापाचोळा काढला तर बऱ्यापैकी आवरते. खालची पानं आधी पिवळी पडत गेली, कधी झाडाच्या एकाच बाजूची, आणि झाड आठ-पंधरा दिवस घेत हळूहळू गेलं तर ती बुरशीची मर. मिरचीचा बुंधा काळपट पडून सालीखाली कुजलेला असेल आणि पाणी साचणारी जागा असेल तर ती पण बुरशीच, पण वेगळी. मुळांवर गाठी गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. आणि वांग्याचा फक्त शेंडाच खाली लोंबत असेल, बाकी झाड ताठ, तर तो शेंडा कापून उभा चिरा, आत अळी सापडेल. ते वेगळं प्रकरण आहे, तिथे शेंडे रोज काढून नष्ट करणं आणि कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे) लावणं हा मार्ग.

पण तुमचं वर्णन, म्हणजे हिरवं झाड, दोन-तीन दिवसात खलास, फळं लागायच्या वेळेला, आणि जसं ऊन चढायला लागलं तसा वेग वाढला, हे ऐकून मला नव्वद टक्के जिवाणू मरच वाटते. पुढचं मी ती धरून लिहितो. ग्लासात काही दिसलं नाही तर पुढचं बाजूला ठेवा.

आता मूळ मुद्दा. हा जिवाणू, रालस्टोनिया सोलॅनासिएरम त्याचं नाव, मातीत राहतो. झाडाच्या मुळाला कुठेही जखम असली, खुरपीची असो, सूत्रकृमीची असो नाहीतर नवीन मूळ फुटताना पडलेली बारीक भेग असो, तिथून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढतो. इतका वाढतो की नळ्या चोंदतात. म्हणून जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरतं, आणि म्हणूनच पान पिवळं पडायलाही वेळ मिळत नाही. लोक काय करतात, झाड सुकलं म्हणून अजून पाणी देतात आणि ते पाणी जिवाणूला पुढच्या झाडाकडे घेऊन जातं. एर्विन स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९६ साली ह्या जिवाणूचं वर्णन केलं, सव्वाशे वर्षं होऊन गेली आणि आजही आजारी झाड बरं करणारं औषध जगात कुणाकडे नाही. बुरशीनाशक बुरशीवर चालतं, हा बुरशी नाही. कॉपरच्या (तांब्याच्या) औषधाने पाण्यातला, मातीच्या वरच्या थरातला जिवाणू थोडा कमी होतो, पण नळीच्या आत बसलेल्याला ते पोचत नाही. त्यामुळे दुकानदाराने दिलेली औषधं खोटी होती असं नाही, ती ह्या रोगाची नव्हती. एक विनंती, आता कोणी स्ट्रेप्टोमायसिनची पुडी देईल तर घेऊ नका. ते माणसाच्या क्षयरोगावर वापरलं जाणारं अँटिबायोटिक आहे, मातीत ओतून झाड वाचत नाही, आणि शेतीतला त्याचा वापर बंद करायचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरमध्ये काढला तो ह्याच काळजीने. परड्यातली भाजी आपलीच मुलं खातात.

आपल्याकडे हा रोग एवढा का, ते पण समजून घ्या. त्याला उबदार आणि ओली जमीन लागते, साधारण २५ ते ३५ अंश, आणि आम्लधर्मी जांभ्याची माती त्याला मानवते. म्हणजे कोकणच. पाऊस संपता संपता ऑक्टोबरचं ऊन पडतं तेव्हा एक लाट येते, डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात रोग दबून राहतो, आपल्याला वाटतं सुटलो, आणि शिमग्याच्या तोंडावर ऊन चढलं की परत झाडं पडायला लागतात. तुमची झाडं आता पडतायत पण जिवाणू आत शिरला तो बहुतेक महिना-दीड महिना आधीच.

माझी स्वतःची चूक सांगतो. पाचव्या-सहाव्या वर्षी माझी चारशे वांगी होती, दोन कुणग्यात (भाताच्या बांध घातलेल्या तुकड्यांत), वरच्या कुणग्यातून पाटाने पाणी खालच्यात जायचं. वर पहिली सात-आठ झाडं गेली तेव्हा मी ती उपटून पाटाच्या कडेलाच टाकली, हात आणि विळा तसाच घेऊन पुढच्या ओळीत खुरपणी केली. तीन आठवड्यांनी खालच्या कुणग्यात झाडं पडली ती बरोब्बर पाटाच्या रेषेत, दोन्ही अंगाची, आधी पाटाजवळची मग लांबची. कागदावर रेघ मारावी तसं दिसत होतं. त्या दिवशी मला कळलं की हा रोग पाण्यावरून चालत जातो, आणि त्याला वाट मीच करून दिली. अडीचशेच्या वर झाडं गेली. तेव्हापासून कुठेही मर दिसली की मी आधी पाणी कुठून कुठे जातं ते बघतो.

मग आता, ह्या हंगामात काय करायचं? जी झाडं पडली ती वाचणार नाहीत, ते मनातून काढा. उरलेली वाचवायची. पडलेलं झाड मुळासकट आणि मुळाभोवतीची घमेलंभर माती धरून काढा, गोणीत भरा, वाळवून जाळा, शेणकीत (शेणखताच्या खड्ड्यात) किंवा पऱ्यात (ओढ्यात) टाकू नका. त्या खड्ड्यात मूठभर ब्लीचिंग पावडर टाकून माती ओढा. हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ, आणि विहिरीच्या अगदी काठाला असेल तर ब्लीचिंग नको, चुना चालेल. सरीतून वाहतं पाणी आजपासून बंद. झाडागणिक झारीने किंवा ठिबकने द्या, पाणी शिंपायची मेहनत जास्त पडेल पण उपाय नाही. काम करताना आधी निरोगी ओळी, शेवटी आजारी, आणि शेवटी विळा-खुरपं-फावडं धुवून उन्हात टाकायचं, पायातल्या चपला पण. खुरपणी बंद करा, तण मोठं झालं असेल तर विळ्याने कापून तिथेच अंथरा, मूळ दुखावता कामा नये. एवढं केलं तर निम्मी झाडं तरी तोडणी देतील असा माझा अनुभव, पण किती ते आत्तापर्यंत जिवाणू किती पसरलाय ह्यावर आहे, कोणी आकडा सांगू शकत नाही.

आणि ज्या जागी झाड गेलं तिथे परत वांगं-मिरची-टोमॅटोचं रोप सांधू नका. हे फार जण करतात.

खरा उपाय पुढच्या दोन-तीन वर्षांचा आहे आणि त्याला दुकानात पैसे लागत नाहीत. वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा हे एकाच घरातले, ह्या जिवाणूच्या दृष्टीने एकच पीक. तुम्ही चार वर्षं आलटून पालटून लावलं असं लिहिलंय, वांग्याच्या जागी मिरची, मिरचीच्या जागी टोमॅटो, पण त्याच्यासाठी ते बदललंच नाही, दर वर्षी ताट वाढून ठेवल्यासारखं झालं. भुईमूग आणि आलं पण त्याला चालतं, ते पण तिथे नको. आणि तणांमध्ये कामोणी वगैरे वांग्याच्या जातीतली झाडं असतात, ती ठेवली तर पीक बदलूनही जिवाणू जिवंत राहतो.

तुमच्याकडे खाली भाताचा मळा आहे असं लिहिलंय ना? मग अदलाबदल करा. भाताला हा रोग लागत नाही आणि चार महिने पाणी भरून ठेवलेल्या चिखलात हा जिवाणू बराच कमी होतो. आपले जुने लोक भात काढून मळ्यात भाजी करायचे, वाल-पावटा-मिरची-वांगी, आणि परड्यात वेल, भेंडी, अळू असायचं, ती रीत नुसत्या सोयीची नव्हती असं मला आता वाटतं. परड्यातल्या विहिरीवर पंप बसला आणि सगळी भाजी तिथे एकवटली तेव्हापासून ह्या मरीचा त्रास आमच्या वाडीत तरी वाढला.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. भात कापलं की मळ्यात गुरं मोकळी सुटतात, कुंपण घालायला खर्च, माकडं, काही ठिकाणी गवे, आणि पाणी न्यायला पाइप. सगळं खरं आहे. म्हणून मी सगळी पाच गुंठे न्या असं म्हणत नाही. पहिल्या वर्षी दोन गुंठे वांगी खाली न्या, घराच्या बाजूचा कोपरा पकडा, जाळी लावा. गादीवाफे करा, वीतभर तरी उंच, कारण भाताच्या जमिनीत पाणी धरून राहतं आणि वांग्याला ते सोसत नाही. आणि खालच्या मळ्यात वरच्या परड्याचं पाणी वाहून येत नाही ना ते पावसात एकदा छत्री घेऊन उभं राहून बघा. येत असेल तर आधी चर काढून ते वळवा, नाहीतर रोग आपण स्वतःच खाली नेऊन सोडल्यासारखं होईल.

वरच्या परड्यात निदान तीन वर्षं वांगी-कुळ बंद. तिथे मका, चवळी, वाल, काकडी, दोडका, पडवळ घ्या, ह्यांना माझ्याकडे कधी ही मर लागली नाही. परड्याला बांध घालून पावसात पाणी धरता येत असेल तर एक-दोन पावसाळे तिथे भातच लावा, सगळ्यात चांगलं. कातळावरची पातळ माती असेल तर पाणी थांबणार नाही, मग मका. एप्रिल-मेमध्ये माती भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट ताणून कडा मातीत दाबून ठेवलं तर वरच्या थरातले सूत्रकृमी, तणाचं बी आणि थोडा जिवाणू मरतो. पूर्ण नाही, खोलवर तो राहतो. पण रोपांच्या वाफ्यासाठी हे मी दर वर्षी करतो. आमची आजी मिरचीचा तरवा (रोपांचा वाफा) राब, म्हणजे पालापाचोळा-फांद्या, भाजलेल्या जागेवरच टाकायची, त्यातही बहुतेक हीच गोष्ट साधत असणार.

रोपं घरचीच करा, किंवा ट्रेमधली कोकोपीटवरची घ्या. आठवडा बाजारात मिळणारी मातीची जुडी नको, ती कुठल्या जमिनीतून आली आपल्याला ठाऊक नसतं. लावताना मुळं स्यूडोमोनास ह्या उपयोगी जिवाणूच्या भुकटीच्या पाण्यात, लिटरला १० ग्रॅम, अर्धा तास बुडवून लावा. ह्याने फरक पडतो पण थोडा, जमीन स्वच्छ असेल तर दिसतो, आजारी जमिनीत एकट्याने तो टिकत नाही. कोणी जैविक औषध म्हणून शंभर टक्के खात्री देत असेल तर सावध राहा. करंज किंवा निंबोळी पेंड सूत्रकृमीसाठी जरूर घाला, मुळांच्या जखमा कमी झाल्या की जिवाणूची दारं कमी होतात. जमिनीचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा) तपासून घ्या, फार आम्ल असेल तर सांगतील तेवढा चुना.

जातींबद्दल. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ आणि संकरित अर्का आनंद ह्या मरीला प्रतिकारक आहेत, टोमॅटोत अर्का रक्षक. मिरचीत केरळ कृषी विद्यापीठाच्या उज्ज्वला आणि अनुग्रह. केरळची जमीन आणि पाऊस आपल्यासारखाच म्हणून मला तिकडच्या जातींवर जास्त भरवसा वाटतो. पण दोन गोष्टी. एक, प्रतिकारक म्हणजे कवच नव्हे, गावागावात ह्या जिवाणूचे प्रकार वेगळे, एका ठिकाणी टिकलेली जात दुसऱ्या ठिकाणी पडते. म्हणून पहिल्या वर्षी वीस-पंचवीस झाडं लावून बघा. दोन, बाजार. आपल्याकडे गिऱ्हाईक आपल्या ओळखीचं वांगं मागतं, लांब नाहीतर वेगळ्या रंगाचं बघून हात मागे घेतं, मी ते अनुभवलंय.

त्याला उत्तर म्हणजे कलमी रोप. खाली सोलॅनम टॉर्व्हम ह्या रानवांग्याचं मूळ, ज्याला ही मर सहसा लागत नाही, आणि वर तुम्हाला हवी ती जात. मी गेली काही वर्षं निम्मी वांगी कलमी लावतो, एकाच वाफ्यात साधी पडली आणि कलमी उभी राहिली असं डोळ्यांनी बघितलंय. रोप महाग पडतं, साध्यापेक्षा कितीतरी, पण झाड जास्त दिवस चालतं आणि तोडणी लांबते म्हणून मला परवडतं. पाच गुंठ्यात परवडेल का ते तुम्हाला बाजारात मिळणाऱ्या भावावर आहे. लावताना कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं वर राहिला पाहिजे, भर लावताना पुरला गेला तर वरच्या वांग्याला मुळं फुटतात, ती आजारी मातीत जातात आणि सगळा खर्च फुकट. खालून रानवांग्याचे फुटवे येतात ते पण खुडत राहायचं. टोमॅटोचं कलम पण वांग्याच्या मुळावर होतं. मिरचीचं कलम मी केलेलं नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

ग्लासची परीक्षा करून पण शंका राहिली तर झाड माती-मुळासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कृषी विज्ञान केंद्रात न्या. सिंधुदुर्गात किर्लोसला आहे, रत्नागिरीकरांना लांज्याला, रायगडात रोह्याजवळ किल्ला गावी, किंवा थेट दापोलीला कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात. जाताना सकाळीच उपटलेलं झाड घ्या. किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर मराठीत बोलता येतं, पण फोनवर झाड बघता येत नाही, तेव्हा नेणं बरं.

आणि तीन आळवण्या झालेल्या आहेत म्हणून विचारतो, शेवटची कधी केली? बाटलीवर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढे दिवस होईपर्यंत त्या झाडांची वांगी-मिरची घरात शिजवू नका आणि विकू पण नका.

उद्या ग्लासात काय दिसलं ते इथेच लिहा, धागे आले की नाही आणि किती मिनिटांत. जमलं तर परड्याचा एक हाताने काढलेला नकाशा टाका, विहीर कुठे, उतार कुठे, पहिलं झाड कुठे पडलं, आणि मळा कुठल्या अंगाला. ते बघितल्यावर पुढच्या नोव्हेंबरला कुठले दोन गुंठे खाली न्यायचे ते मी नीट सांगू शकेन.